तरंगत्या पवनचक्कीची हौदांतील परीक्षा

नेदर्लंड्समधील वाखेनिंगेन हें गांव समुद्रापासून बरेंच आंत, ऱ्हाइन नदीच्या कांठीं वसलेलें आहे. तेथील ‘मारिन’ या संस्थेच्या एका विशाल दालनांत ४५ मीटर लांब, ३६ मीटर रुंद आणि १० मीटरांहून थोडा अधिक खोल असा एक हौद आहे. २०११ सालीं अमेरिकेतील मेन विद्यापीठाच्या पुढाकारानें कांहीं संशोधकांनीं या हौदांत एक पवनचक्की तरंगत ठेवली. तिच्या चक्राचा व्यास अडीच मीटर होता. तिचें प्रत्येक पातें, तिचा खांब, तिच्या खालचा तरंगता आधार हें सर्व मूळ यंत्राच्या पन्नासाव्या हिश्श्यानें, काळजीपूर्वक मोजून केलेलें होतें. हौदाच्या एका बाजूस पंख्यांची भिंत उभारून तिच्यावर वारा सोडण्यांत आला. आकार बरोबर, वजन बरोबर, वाऱ्याचा वेगहि गणितानें ठरविल्याप्रमाणें. तरीसुद्धां चक्रावर जितका रेटा पडावयास हवा तितका पडेना.

जाणत्यांना हें अगदींच अनपेक्षित नव्हतें. परंतु सामान्य बुद्धीला असें वाटतें कीं, मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रत केली म्हणजे ती मोठीसारखीच वागेल. या समजुतींत खोट कोठें आहे, आणि ती खोट ठाऊक असूनहि हजारों टन वजनाच्या यंत्राचें भवितव्य इंजिनियर अशा लहानशा प्रतिकृतीवर कसें सोंपवूं शकतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, पवनचक्की पाण्यावर तरंगत कां ठेवावयाची हें पाहिलें पाहिजे. समुद्रावरील वारा जमिनीवरील वाऱ्यापेक्षां सामान्यतः अधिक जोरदार व अधिक एकसारखा असतो. म्हणून १९९१ सालीं डेन्मार्कनें विंडेबी येथें ११ पवनचक्क्या समुद्रांत उभ्या केल्या, आणि तेव्हांपासून ही विद्या झपाट्यानें वाढत गेली. या चक्क्यांचे पाय समुद्राच्या तळाशीं घट्ट बसविलेले असतात. परंतु पाण्याची खोली सुमारें ६० मीटरांपलीकडे गेली कीं, असा पाय उभारणें खर्चाच्या दृष्टीनें परवडेनासें होतें. समुद्रावरील वाऱ्याचा बहुतेक सांठा तर याहून खोल पाण्यावर आहे. नॉर्वे, जपान किंवा अमेरिकेचा पश्चिम किनारा येथें जमीन सुटली कीं थोड्याच अंतरावर तळ खोल जातो. अशा ठिकाणीं एकच मार्ग उरतो: यंत्र तरंगत्या आधारावर उभें करावयाचें आणि जहाजाप्रमाणें तें सांखळ्यांनीं नांगरून ठेवावयाचें.

हें ऐकावयास सोपें आहे. पण वाखेनिंगेन येथें जिची प्रतिकृति केली होती, त्या ५ मेगॅवट शक्तीच्या चक्कीचे आंकडे पाहावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेनें अभ्यासासाठीं कागदावर आंखलेली ही चक्की आहे. तिच्या चक्राचा व्यास १२६ मीटर, आणि चक्राचा मध्य पाण्यापासून ९० मीटर उंचीवर. चक्र आणि त्यामागील यंत्रगृह यांचें मिळून वजन ३५० टन. भर वाऱ्यांत चक्रावर येणारा आडवा रेटा सुमारें ८० टनांचा. नव्वद मीटर उंच खांबाच्या टोकाला ८० टनांनीं ढकलीत राहावें, आणि खांबाखालीं जमीन नसून पाणी असावें, अशी ही स्थिति आहे. वादळांत त्यांतच दहा दहा मीटर उंचीच्या लाटांची भर पडते. असें यंत्र बेताबाहेर डोलूं लागलें तर प्रचंड खर्च बुडतोच. पण दुरुस्तीसाठीं त्यावर चढणाऱ्या माणसांचे प्राणहि त्याच डोलण्यावर अवलंबून असतात. म्हणून समुद्रानें परीक्षा घेण्यापूर्वीं ती हौदांत घ्यावी लागते.

हौदांतील परीक्षेची विद्या ज्यानें घडविली तो विल्यम फ्रूड हा एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज इंजिनियर. त्याच्या काळीं, लहान होड्यांवरील प्रयोग फसवे असतात, असें पुष्कळ जहाजबांधणारांचें मत होतें. फ्रूडनें ‘स्वॉन’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन निरनिराळ्या घडणींच्या होड्या ३, ६ आणि १२ फूट लांबीच्या करून पाण्यांतून ओढून पाहिल्या. लहान व मोठी होडी एकाच वेगानें ओढली तर त्यांच्याभोवतीं उठणाऱ्या लाटांत साम्य दिसत नाहीं. परंतु वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत ठेवला, तर दोन्ही होड्यांभोवतीं लाटांचें चित्र तेंच उमटतें, असें त्याला आढळलें. १८७१ सालीं ‘ग्रेहाउंड’ ही युद्धनौका दुसऱ्या नौकेकडून समुद्रांत ओढवून तिला होणारा पाण्याचा विरोध त्यानें मोजला. आणि पुढें तिच्या प्रतिकृतीवरून काढलेलें अनुमान त्या मोजणीशीं जुळलें. १८७२ सालीं टॉर्की येथें, त्याच्या घराजवळ, ब्रिटिश नाविक खात्याच्या पैशानें बांधलेला प्रयोगाचा हौद काम करूं लागला. जगांतील आजचे सर्व असे हौद त्याचेच वंशज होत.

फ्रूडच्या नियमाचें मर्म एका घरगुती उदाहरणानें समजेल. अंगणांत सांचलेल्या पाण्यावर सोडलेली कागदी होडी ज्या लगबगीनें डुलते, त्या लगबगीनें मोठें जहाज कधींच डुलत नाहीं. याचें कारण असें कीं, उठलेल्या लाटेला खालीं ओढणारें गुरुत्वाकर्षण लहान होडीसाठीं लहान होत नाहीं. तें सर्वांस सारखेंच असतें. अंतर मात्र लहान झालेलें असतें. म्हणून लहान जगांत सर्व घडामोडी लवकर उरकतात. ही घाई किती, हें वर्गमूळ सांगतें. पन्नासांश प्रतिकृतींत लांबी ५० पटींनीं कमी होते, पण काळ आणि वेग सुमारें ७ पटींनींच कमी होतात. समुद्रांतील १० मीटर उंचीची, १४ सेकंदांनीं येणारी लाट हौदांत २० सेंटिमीटर उंचीची होते आणि २ सेकंदांनीं येते. मिनिटाला १२ फेरे घेणारें चक्र तेथें ८५ फेरे घेतें.

वजनाचा हिशेब याहून कठोर आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पन्नास पटींनीं घटल्यामुळें वजन सव्वा लक्ष पटींनीं घटावें लागतें. मूळ यंत्राचें एक पातें साडेसतरा टनांहून अधिक जड आहे. प्रतिकृतीचें पातें सव्वा मीटर लांब असूनहि दीडशें ग्रॅमांहून हलकें असावें लागतें. चक्र आणि यंत्रगृह यांच्या ३५० टनांचे तेथें २.८ किलो होतात, आणि तेवढ्यांतच चक्र फिरविणारी मोटर, रेटा मोजणारें उपकरण व साऱ्या तारा बसवाव्या लागतात. कर्बतंतूंचीं हलकीं पातीं घडविणारे कारागीर एकेका ग्रॅमासाठीं झगडतात तें हौसेनें नव्हे. माथा थोडा जरी जड झाला, तरी प्रतिकृति मूळ यंत्राहून निराळ्या तालानें डोलूं लागते. शक्तीचा आंकडा तर गमतीचाच वाटेल. ती पावणेनऊ लक्षांहून अधिक पटींनीं घटते. त्यामुळें हजारों घरांस पुरणारे ५ मेगॅवट हौदांत पांच-सहा वॅट, म्हणजे एखाद्या लहानशा विजेच्या दिव्यापुरतेच उरतात.

हा नियम महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. १९१६ सालीं मुंबई इलाख्यानें सुरू केलेल्या आणि पुढें पुण्याजवळ खडकवासल्यास स्थिरावलेल्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रांत धरणांचे सांडवे आणि बंदरांचे धक्के यांच्या प्रतिकृतींवर याच पद्धतीचे प्रयोग होत आले आहेत. जेथें केवळ पाणी आणि गुरुत्वाकर्षण यांचाच संबंध मुख्य असतो, तेथें फ्रूडचा नियम उत्तम काम देतो.

परंतु तरंगती पवनचक्की दोन जगांत एकदम वावरते. तिचे पाय पाण्यांत आहेत आणि मस्तक वाऱ्यांत आहे. वाऱ्याच्या जगांत निराळाच कायदा चालतो. १८८३ सालीं मँचेस्टर येथें ऑस्बोर्न रेनल्ड्स यानें कांचेच्या नळींतून पाणी वाहतें ठेवून त्यांत रंगाची बारीक धार सोडली. कांहीं मर्यादेपर्यंत ती धार सरळ रेघेसारखी जाई; पुढें ती एकाएकीं विसकटून साऱ्या नळींत पसरे. प्रवाह शांत राहणार कीं खवळणार, हें वेग, आकार आणि प्रवाही पदार्थाचा चिकटपणा यांच्या एका ठराविक प्रमाणावर अवलंबून असतें, असें त्यानें दाखवून दिलें. पात्यावरून हवा कशी वाहील हेंहि त्याच प्रमाणावर ठरतें.

आतां अडचण लक्षांत येईल. मूळ यंत्र सेकंदाला ११.४ मीटर वेगाच्या वाऱ्यांत पूर्ण शक्तीनें चालूं लागतें. फ्रूडच्या नियमाप्रमाणें पन्नासांश प्रतिकृतीला यासाठीं सेकंदाला अवघ्या १.६ मीटर वेगाची झुळूक दिली पाहिजे. रेनल्ड्सचा नियम मात्र सांगतो कीं, आकार ५० पटींनीं घटला असेल तर वेग ५० पटींनीं वाढवा, म्हणजे सेकंदाला ५७० मीटर करा. हा वेग ध्वनीच्या वेगाहूनहि पुष्कळ अधिक आहे. एकाच वाऱ्याला दोन धन्यांच्या दोन आज्ञा, आणि त्या एकमेकींच्या अगदीं उलट. त्यांपैकीं फ्रूडची आज्ञा मोडतां येत नाहीं. कारण ती मोडली तर लाटा आणि डोलणें, म्हणजे ज्यासाठीं हौद भरला तेंच खोटें होतें. म्हणून रेनल्ड्सची आज्ञा मोडावी लागते. याचा परिणाम असा होतो कीं, त्या लहान पात्याच्या दृष्टीनें हवा जणूं सुमारें ३५० पट अधिक चिकट होऊन बसते. मोठ्या पात्यालगतचा हवेचा थर खवळलेला असल्यामुळें तो पृष्ठभागाला धरून वाहतो. लहान पात्यावर तो थर शांत व दुबळा असल्यानें लवकरच पृष्ठभाग सोडून देतो. मग पात्याला मिळणारी उचल घटते आणि त्याला अडविणारी ओढ वाढते. वाखेनिंगेन येथें चक्रावर पुरेसा रेटा पडेना, त्याचें कारण हेंच. प्रत हुबेहूब होती म्हणूनच ती चुकीची वागत होती.

तेथील संशोधकांनीं प्रथम सरळ उपाय केला: रेट्याचा आंकडा जुळेपर्यंत वारा गणिताहून जोराचा सोडला. रेटा जुळला, पण दुसरीकडे उणीव राहिली. यंत्र डोलत डोलत वाऱ्याच्या दिशेनें पुढें झुकतें, तेव्हां त्याला लागणारा वारा किंचित् वाढतो आणि मागें जातांना किंचित् घटतो. मुळांतला वारा फुगविलेला असला, कीं ही घटवाढ त्याच्या मानानें क्षुल्लक ठरते, आणि डोलण्याला वाऱ्याकडून होणारा प्रतिकार खरा उतरत नाहीं. म्हणून २०१३ सालीं तीन खांबांच्या अर्धबुडित आधारावरील प्रतिकृतीची परीक्षा त्यांनीं पुन्हां घेतली. या वेळीं पातीं मुद्दाम निराळ्या घडणीचीं, अधिक रुंद अशीं केलेलीं होतीं. मूळ पात्याशीं त्यांचें रूप जुळत नव्हतें. पण मंद झुळकेंत त्यांवर पडणारा रेटा मात्र जुळत होता. वागणूक खरी उतरावी म्हणून रूपाचा खरेपणा सोडून द्यावा लागला.

इतरांनीं इतर वाटा धरल्या. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें ‘विंडफ्लोट’ या आधाराच्या १०५ पटींनीं लहान प्रतिकृतीवर चक्राच्या जागीं साधी तबकडीच बसविली होती. वाऱ्याचा रेटा तेवढा तिनें झेलावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. २०१५ सालीं नॉर्वेमधील ट्रॉनहाइम येथें वारा आणि पातीं दोन्ही काढून टाकण्यांत आलीं. प्रतिकृतीच्या माथ्याला बारीक तारा बांधल्या, आणि त्या क्षणीं खऱ्या चक्रावर किती रेटा पडला असता याचें गणित संगणक तत्काळ करून त्या मानानें तारा ओढूं लागला. इटलींत मिलान येथील तंत्रविद्यापीठांत याच्या अगदीं उलट: पातीं वाऱ्याच्या बोगद्यांत खरीं फिरतात, आणि खालचा समुद्र मात्र एक यांत्रिक पाट गणिताच्या आज्ञेनें हलवून दाखवितो. यांपैकीं प्रत्येक पद्धति कोणत्या तरी एका सत्यावर पाणी सोडते आणि त्या मोबदल्यांत दुसरें सत्य राखते.

एवढा खटाटोप एका रेट्यासाठीं कशाला, असें एखाद्यास वाटेल. त्याचें उत्तर त्याच ट्रॉनहाइमच्या दुसऱ्या एका प्रयोगांत मिळतें. २००५ सालीं तेथील ८० मीटर लांब व ५० मीटर रुंद हौदांत ‘हायविंड’ या तरंगत्या चक्कीची ४७ पटींनीं लहान प्रतिकृति ठेवण्यांत आली. हिचा आधार म्हणजे तळाशीं वजन भरलेलें एक लांब उभें नळकांडें. मोठ्या चक्कीला एक नियामक असतो. वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं, यंत्रावर बोजा पडूं नये म्हणून तो पातीं वळवून वाऱ्याला वाट करून देतो. जमिनीवर रोवलेल्या चक्कीच्या बाबतींत ही योजना निर्धोक ठरली होती. परंतु तरंगती चक्की वाऱ्याकडे झुकली, म्हणजे तिला वारा वाढल्यासारखा लागतो. नियामक समजतो कीं वादळ वाढलें. तो पातीं वळवितो आणि रेटा घटतो. नेमक्या ज्या क्षणीं चक्कीला मागें रेटून धरावयाचें, त्याच क्षणीं तिला मोकळीक मिळते आणि ती आणखी पुढें झुकते. मागें जातांना याच्या उलट: वारा घटल्यासारखा वाटतो, पातीं पुन्हां वारा पकडतात, आणि मागें जाणाऱ्या चक्कीला आणखी मागें ढकललें जातें. झोपाळ्यावरील मुलाला प्रत्येक फेरीला हलकासा धक्का द्यावा, तसाच हा प्रकार. डोल थांबविणाऱ्या प्रतिकाराच्या जागीं डोल वाढविणारी प्रेरणा येऊन बसते.

संगणकावरील गणितानें हा धोका दाखविला होता, आणि हौदांतील प्रयोगाशीं तें गणित ताडून पाहतां आलें. नियामकांचे निरनिराळे प्रकार तेथें प्रतिकृतीवर चालवून पाहण्यांत आले. नेहमींच्या नियामकास खांबाच्या हालचालीचा वेग मोजून त्याप्रमाणें पातीं सांवरणाऱ्या दुसऱ्या नियामकाची जोड दिली, म्हणजे हा अनिष्ट डोल आवरतो, हेंहि निश्चित झालें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चक्राच्या जागीं केवळ एक तबकडी लावली असती, तर तिला वळविण्यास पातींच नसल्यामुळें हा दोष मुळीं दिसलाच नसता. ती प्रतिकृति हौदांत खुशाल तरंगत राहिली असती, आणि दोष उघडकीस येण्यासाठीं खऱ्या समुद्रांतील खऱ्या यंत्राची वाट पाहावी लागली असती. प्रतिकृतीनें एखादा दोष दाखविला नाहीं, एवढ्यावरून तो दोष नाहीं असें ठरत नाहीं. तो दाखविण्याचें सामर्थ्य तिच्यांत ठेवलें होतें काय, हें आधीं विचारावें लागतें.

२००९ सालीं नॉर्वेच्या कार्मॉय बेटाजवळ २.३ मेगॅवट शक्तीची ‘हायविंड’ खऱ्या समुद्रांत उभी राहिली. मेगॅवट शक्तीची, खोल पाण्यावर तरंगणारी जगांतील ती पहिली पवनचक्की. तिच्या अनुभवावरून २०१७ सालीं स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरासमोर अशा ५ चक्क्यांचा, मिळून ३० मेगॅवटांचा तांडा सुरू झाला. आणि २०२३ सालीं नॉर्वेच्या ‘हायविंड टांपेन’ या ठिकाणीं २६० ते ३०० मीटर खोल पाण्यावर ११ चक्क्यांचें उद्‌घाटन झालें.

हौदांतून एकदम महासागरांत उडी घेण्याऐवजीं मधली पायरीहि घेतां येते. २०१३ सालीं मेन विद्यापीठानें आपल्या ‘व्हॉल्टर्न-यूएस्’ या आधाराची आठ पटींनीं लहान, २० किलोवट शक्तीची प्रतिकृति कॅस्टीन गांवाजवळच्या खाडींत नांगरली. खाडींतील लाटा समुद्राच्या मानानें लहान. पण प्रतिकृतीच्या मानानें पाहिलें तर त्याच तिला महासागरांतील वादळासारख्या. हौदांतील वारा माणसाच्या इच्छेनें वाहतो आणि लाटा ठरलेल्या वेळीं येतात. येथें वारा, लाटा आणि भरती-ओहोटी यांचें संगनमत निसर्गानेंच केलेलें. त्या प्रतिकृतीनें हिंवाळ्यांतील तुफानेंहि अनुभविलीं. आकार मोठा असल्यामुळें हवेच्या चिकटपणाची अडचण येथें बरीच सौम्य होती. पण त्याबरोबर, हवी ती लाट हव्या त्या क्षणीं मागविण्याची सोय गेली होती.

हौदाच्या कांठीं उभा असलेला प्रयोगकर्ता पहिल्या दिवशीं वारा किंवा लाट सोडत नाहीं. शांत पाण्यांत तो प्रतिकृतीला हातानें किंचित् कलती करतो, सोडून देतो, आणि ती किती वेळांत किती डोल घेऊन स्थिर होते हें मोजतो. मग एकसारख्या लाटा, त्यानंतर समुद्रासारख्या अनियमित लाटा, मग नुसता वारा, आणि सर्वांत शेवटीं दोन्ही एकत्र. एकेक कारण वेगळें करून त्याचा परिणाम ओळखून ठेवावा, म्हणजे सारीं कारणें एकवटलीं असतांना कोणता डोल कोणाचा हें ओळखतां येतें. या क्रमांत घाई केली तर हौदांतून आंकडे पुष्कळ निघतील, पण त्यांचा अर्थ लागणार नाहीं.

लहान प्रतिकृति ही मोठ्या यंत्राची सांवली आहे. सांवलीवरून झाडाची उंची मोजतां येते. परंतु त्या वेळीं सूर्य किती वर आहे हें ठाऊक असेल तरच. तें ठाऊक नसलेल्या माणसाला तीच सांवली सकाळीं एक उंची सांगते आणि दुपारीं दुसरी. आपली प्रतिकृति कोणत्या बाबतींत खरें सांगते आणि कोणत्या बाबतींत सांगूं शकत नाहीं, हें जे प्रयोगाआधीं स्वतःशीं स्पष्ट करून घेतात, त्यांनाच २० सेंटिमीटरांच्या लाटेवरून १० मीटरांच्या लाटेविषयीं बोलण्याचा अधिकार पोंचतो.